कुणाचा रे तू?

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झाल्यापासून घराण्याचा कुलवृत्तांत लिहिताहेत. अकरा पिढ्या, कोकणातली तीन गावं, दोन दत्तकविधानं आणि घर सोडून गेलेला एक पूर्वज, ज्याच्याबद्दल कोणीच धड बोलत नाही. त्यांच्या चुलतभावानं पंचवीस-तीस वर्षांपूर्वी यातला बराच मजकूर टाइप करून ठेवला होता, पण तो जुन्या फाँटमध्ये. आता उघडला की पडद्यावर चिन्हांचा नुसता चिवडा. तो युनिकोडमध्ये आणून देणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर काकांनी कुठूनसं उतरवून घेतलं. मजकूर काही सुधारला नाही. पण त्या दिवसापासून कॉम्प्युटरचा पंखा मिक्सरसारखा फिरायला लागला.

“आणि गंमत सांगतो तुला,” काकांनी मला जिन्यात गाठलं, “मी बघायला गेलो की गप्प बसतो गं तो.”

मला वाटलं, काकांना झोप कमी पडतेय. वर जाऊन पाहिलं तर त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो, म्हणजे यंत्रात आत्ता कोण कोण कामावर आहे त्याची यादी. ती उघडली आणि पाच सेकंदांत पंखा शांत. प्रोसेसरचा वापर 5 टक्के. यादी बंद केली, अर्ध्या मिनिटात घरघर सुरू. पुन्हा उघडली, पुन्हा चिडीचूप. लाडवाच्या डब्याशी चाहूल लागली की अभ्यासाचं पुस्तक पुढं ओढणारं पोर असतं ना, अगदी तसं.

माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, त्यात भीती कमी आणि कौतुक जास्त होतं. त्या खोक्यात कोणीतरी होतं आणि आपल्याकडे कोणी बघतंय का, यावर त्याचं लक्ष होतं.

आता ‘कोणीतरी’ म्हणजे नक्की काय? डिस्कवर पडून असलेला प्रोग्राम ही फडक्यात बांधून ठेवलेली पोथी. तिच्यात शाप असोत की वरदान, कोणी वाचत नाही तोवर ती कोणाचं बरं करत नाही आणि वाईटही करत नाही. ती सोडून वाचायला बसलं की झालं पारायण. त्याला सुरुवात असते, शेवट असतो, वाचणारा आत्ता कितव्या ओवीवर आहे याची खूण असते. चालू झालेला प्रोग्राम म्हणजे प्रोसेस, ती अशी. एकच पोथी दहा घरांत एकाच वेळी वाचली जाते. तशा एकाच फाइलच्या दहा प्रोसेस एकाच वेळी चालतात आणि प्रत्येकीचं बोट वेगळ्या ओळीवर असतं.

काकांच्या पडद्यावर तेव्हा फक्त एक वर्डची फाइल उघडी होती. आत मात्र 190 च्या आसपास पारायणं चालू होती. आणि वाचणारे किती? प्रोसेसरला कोर चार, म्हणजे तोंडं चार. विंडोजचं आतलं घड्याळ साधारणपणे सेकंदाला 64 ठोके देतं, म्हणजे एक ठोका सुमारे 15.6 मिलिसेकंदांचा. घरगुती विंडोजवर साध्या कामाला एका पाळीत असे दोन ठोके मिळतात. ते संपले की खूण घालायची, ही पोथी बाजूला ठेवायची, दुसरी उघडायची. दोन ठोके म्हणजे आपली पापणीही लवायची नाही. पण 3 गिगाहर्ट्झच्या कोरचे तेवढ्यात 9 कोटींवर फेरे होतात. आपल्याला गाणं ऐकू येतंय, फाइल सेव्ह होतेय, माउस सरकतोय, हे सगळं ‘एकाच वेळी’ चाललेलं दिसतं ते या पाळ्यांच्या वेगामुळे.

स्मृतीची गोष्ट तर याहून गमतीची. 64 बिटांच्या आजच्या विंडोजवर प्रत्येक प्रोसेसला असं भासवलं जातं की 128 टेराबाइटपर्यंतचं मैदान तिच्या एकटीच्या नावावर आहे. काकांच्या खोक्यात रॅम होती 8 गिगाबाइट. 190 जणी, प्रत्येकीला वाटतंय आपण चक्रवर्ती, आणि शेजारच्या सम्राज्ञीची एकीलाही खबर नाही. वेदान्तातली माया समजावून सांगायला मला तरी यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

पण या मायानगरीत एक गोष्ट कोणालाच चुकत नाही. काहीही करायचं असेल, चोरी, हेरगिरी, नुसतं टपून बसणं, तरी प्रोसेसरसमोर रांगेत उभं राहून आपली पाळी घ्यावीच लागते. पाळी घेतली की नोंद झाली. चोराला कितीही रूपं घेता येवोत, जिवंत राहिल्याशिवाय चोरी करता येत नाही, आणि जिवंत राहिलं की श्वास ऐकू येतो. काकांना तो पंख्यातून ऐकू आला होता.

टास्क मॅनेजर, जाता जाता सांगते, मायक्रोसॉफ्टमधल्या डेव्ह प्लमर नावाच्या अभियंत्यानं नव्वदच्या दशकात आपल्या घरी, कामाचे तास सोडून, हौसेनं लिहिला. 1996 सालच्या विंडोज एनटी 4.0 बरोबर तो लोकांपर्यंत पोचला. दिसायला साधा हिशेबनीस, पण आमच्या पाहुण्याला तेवढीच धास्ती होती.

*

यादी उघडली की डोळे आधी जातात नावांकडे. आणि नाव हा सगळ्यात कुचकामी पुरावा आहे. प्रोसेसचं नाव म्हणजे ज्या फाइलमधून ती निघाली त्या फाइलचं नाव, आणि फाइलला काय वाटेल ते नाव देता येतं. विंडोजवर ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाची एक अगदी खानदानी प्रोसेस आहे. पडद्यामागच्या सेवांना ती घर पुरवते: छपाई, नेटवर्क, घड्याळ, अपडेट. पूर्वी एकेका घरात बऱ्याच सेवा दाटीवाटीनं राहायच्या. 2017 पासून, ज्या यंत्रात साडेतीन गिगाबाइटपेक्षा जास्त रॅम आहे, तिथं बहुतेकींना स्वतंत्र बिऱ्हाड मिळालं. त्यामुळे आज कुठल्याही घरच्या कॉम्प्युटरवर या एकाच नावाच्या डझनावारी प्रोसेस दिसतात. लपायला याहून चांगली गर्दी कुठली? जत्रेत पांढरी टोपी घालून शिरल्यासारखं आहे. कोणी व्ही आणि सी या दोन अक्षरांची अदलाबदल करून घेतो, कोणी ओच्या जागी शून्य घालतो. लॉगिनची राखण करणाऱ्या ‘एलसॅस’चं सोंग तर आणखी सोपं. इंग्रजी छोटा एल आणि मोठा आय बऱ्याच फाँटमध्ये जुळ्या भावांसारखे दिसतात. आणि काहींना अक्षर बदलायचीही गरज वाटत नाही. ते सरळ तेच नाव लावतात.

“मग ओळखायचं कसं?” काका.

“तुम्ही कसं ओळखता?” मी म्हटलं. “गावात अनोळखी पोरगं दिसलं तर काय विचारता?”

काका हसले. नाव कोण विचारतं! देवळाच्या पायरीवरचा म्हातारा चष्म्याच्या वरून बघून एवढंच म्हणतो, “कुणाचा रे तू?”

प्रत्येक प्रोसेसला हाच प्रश्न विचारता येतो आणि तिला उत्तर द्यावंच लागतं. कारण विंडोजवर प्रोसेस आपली आपण उगवत नाही. कोणीतरी तिला जन्माला घालतं आणि त्या पालकाचा क्रमांक तिच्या नावापुढं लागतो. आपण मधलं नाव बापाचं लावतो, तसं. क्रमांक 4 वर ‘सिस्टीम’. तिच्या पोटी सत्रांची व्यवस्था लावणारी ‘एसएमएसएस’. पुढं ‘विनइनिट’, तिच्या पोटी ‘सर्व्हिसेस’, आणि सर्व्हिसेसच्या पोटी एसव्हीसीहोस्टचं सगळं गोकुळ. प्रत्येक वेळी यंत्र सुरू केलं की हीच वंशावळ याच क्रमानं पुन्हा उभी राहते. (सगळे क्रमांक 4 च्या पटीत असतात, हे काकांच्या बँकेतल्या नजरेनं माझ्याआधी टिपलं.)

म्हणून एसव्हीसीहोस्ट नाव लावणारा कोणी भेटला आणि त्याचा बाप सर्व्हिसेस नसला, तर संशय घ्यायला हरकत नाही. तसंच वर्डच्या पोटी पॉवरशेल जन्मलेली दिसली तर कान टवकारावेत. पॉवरशेल ही मायक्रोसॉफ्टचीच, हुकूम सोडायची खिडकी. वर्ड हे पत्रं लिहायचं साधन. पत्र लिहिणाऱ्याच्या घरी फौजदार जन्माला आला असेल, तर बहुतेक वेळा मेलवरून आलेल्या एखाद्या ‘बिला’मध्ये मॅक्रो, म्हणजे फाइलीच्या पोटातला छोटा प्रोग्राम, लपलेला असतो.

वंशावळीत भानगडी असतात, हे काकांना मी सांगायची गरज नव्हती. पालक मेला तरी मुलाच्या नोंदीत त्याचा क्रमांक तसाच राहतो, आणि तो क्रमांक पुढं भलत्याच कोणाला मिळू शकतो. म्हणून चांगली साधनं जन्मवेळही ताडून बघतात. बाप मुलापेक्षा लहान निघाला तर नातं खोटं. आपला डेस्कटॉप आणि टास्कबार सांभाळणारी ‘एक्सप्लोरर’ तर जवळजवळ नेहमीच पोरकी असते. तिला जन्म देणारी ‘यूजरइनिट’ काम उरकून लगेच निघून जाते. पोरकं असणं हा गुन्हा नाही. आणि व्हिस्टापासून विंडोजमध्ये चक्क दत्तकविधानाची सोय आहे. नवी प्रोसेस जन्माला घालताना ‘हिचा पालक अमका’ असं दुसऱ्याच कोणाचं नाव लावता येतं. चांगल्या कामासाठी केलेली ती सोय चोरांनी उचलली नसती तरच नवल.

बापानंतर गाव. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या ‘सिस्टीम32’ या फोल्डरमध्ये राहतो. टास्क मॅनेजरमध्ये नावावर उजवी क्लिक करून फाइल कुठं आहे ते उघडलं की पत्ता समोर येतो. त्याच नावाची फाइल वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये पथारी टाकून बसली असेल, तर तो पाहुणा घरचा नाही.

मग सही. मोठ्या कंपन्या आपल्या प्रोग्रामवर डिजिटल सही करतात आणि फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ती सही जुळत नाही. पण 2010 मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेटनं, ज्यानं इराणमधली युरेनियमची सेंट्रिफ्यूज यंत्रं बिघडवली, तैवानच्या रिअलटेक आणि जेमायक्रॉन या दोन सच्च्या कंपन्यांच्या चोरलेल्या सह्या वापरल्या होत्या. बँकेत सही ताडण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या काकांना हा भाग फार आवडला.

या सगळ्यावर ताण करणारी चाल निराळीच. खरा एसव्हीसीहोस्ट खऱ्या गावातून सुरू करायचा, पण पहिलं पाऊल टाकायच्या आत त्याला गोठवायचं, त्याच्या स्मृतीतला मूळ मजकूर उपसून आपला भरायचा आणि मग सोडून द्यायचं. नाव खरं, गाव खरं, डिस्कवरच्या फाइलवरची सहीसुद्धा खरी. बोलतंय मात्र दुसरंच कोणी. इंग्रजीत याला पोकळ करणं म्हणतात. मला विचाराल तर आपल्याकडे यासाठी शब्द तयारच आहे: अंगात येणं.

*

आमचा पाहुणा इतका पोचलेला नव्हता. पण टास्क मॅनेजर उघडला की तो काम थांबवत होता, मग त्याला कामावर असताना बघायचं कसं? इथं एक सुंदर विनोद दडलेला आहे. टास्क मॅनेजर उघडलाय हे त्याला कळत होतं कशावरून? यादीत त्याचं नाव दिसतं यावरून. नावावर विश्वास ठेवायची जी चूक आपण करतो, तीच तो करत होता.

मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळणारं ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ हे साधन मी उतरवून घेतलं, त्याच्या फाइलचं नाव बदलून ‘आमरस’ केलं आणि चालू केलं. पंखा घरघरतच राहिला. सोंग घेऊन आलेल्याला सोंगानंच गाठलं होतं.

हे साधन प्रोसेस नुसत्या यादीत नाही, वंशवृक्षात मांडतं. एका फांदीवर सर्व्हिसेस, तिच्याखाली एसव्हीसीहोस्टांची ओळ. आणि खाली, वृक्षापासून तुटून, एकटाच एक एसव्हीसीहोस्ट. बाप नाही. गाव ॲपडेटा. सही नाही. प्रोसेसरचा वापर 71 टक्के. परदेशातल्या कुठल्यातरी सर्व्हरशी अखंड जोडणी.

“हा सर्व्हिसेसचा नाही,” काकाच आधी म्हणाले.

फाइलचा ठसा काढून पाहिला. कुठल्याही फाइलवर एसएचए-256 नावाचं गणित चालवलं की 64 खुणांची एक माळ निघते. फाइल दोन ओळींची असो की दोन गिगाबाइटची, माळ तेवढीच. आणि आत एक स्वल्पविराम हलला तरी सगळी माळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. ती माळ व्हायरसटोटल या सेवेवर टाकली. स्पेनमधल्या मालागा शहरात 2004 मध्ये सुरू झालेली ही सेवा 2012 मध्ये गूगलनं घेतली. ती सत्तरेक अँटिव्हायरसांना एकदम मत विचारते. फाइलच तिथं चढवू नये, नुसता ठसा पुरतो. चढवलेली फाइल इतर संशोधकांनाही पाहता येते आणि आपल्या फाइलमध्ये काय काय असेल सांगता येत नाही. पन्नासांहून जास्त जणांनी एकच निकाल दिला: मायनर.

म्हणजे काकांचा कॉम्प्युटर रात्रंदिवस कोणासाठी तरी आभासी नाणी पाडत होता. यात मोनेरो हे नाणं चोरांचं लाडकं. कारण तांत्रिक आहे पण छान आहे. बिटकॉइनची कोडी सोडवायला खास बनवलेली यंत्रं लागतात. मोनेरोनं 2019 च्या नोव्हेंबरात रँडमएक्स नावाचं गणित मुद्दाम असं आणलं की ते साध्या घरगुती प्रोसेसरवर उत्तम चालावं, म्हणजे नाणं चार बड्यांच्या हाती जाऊ नये. हेतू लोकशाहीचा. फळ असं, की कोकणातल्या अकरा पिढ्यांचा हिशेब मांडणारं यंत्रही चोराला कामाचं वाटायला लागलं. नाणी त्याची, वीजबिल काकांचं.

*

इथं थोडं थांबून एका माणसाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ‘आमरस’ मुळात त्याची करामत. मार्क रसिनोविच. 1996 मध्ये ब्राइस कॉग्सवेल या सहकाऱ्याबरोबर त्यानं विंडोजची आतडी बाहेर काढून दाखवणारी छोटी साधनं फुकट वाटायला सुरुवात केली. त्यातलंच एक 2005 साली तो स्वतःच्या यंत्रावर तपासून पाहत होता. साधनाचं काम एकच. विंडोजला विचारायचं, ‘तुझ्याकडे फाइली कुठल्या कुठल्या?’ मग विंडोजला बाजूला सारून डिस्कवर थेट जाऊन आपण मोजायचं आणि दोन्ही याद्या ताडायच्या. हजेरीपट एकीकडे, प्रत्यक्ष डोकी दुसरीकडे. आपल्याकडे हजेरीपटावर माणसं जास्त आणि कामावर कमी निघायची परंपरा आहे. इथं उलट निघालं. कामावर जास्त, हजेरीपटावर कमी.

एक अदृश्य फोल्डर, काही अदृश्य ड्रायव्हर, एक अदृश्य प्रोसेस. विंडोजच्या अंतरंगावर पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाच्या घरात. शोधता शोधता त्याच्या लक्षात आलं की विंडोजच्या गाभ्यातले काही हुकूम कोणीतरी मध्येच वळवून घेतलेत. डॉलरचं चिन्ह, एस, वाय, एस आणि पुन्हा डॉलरचं चिन्ह, एवढ्यानं ज्याचं नाव सुरू होईल ते सगळं विंडोज विसरून जात होतं. खात्री करायला त्यानं जे केलं ते मला फार आवडतं. विंडोजमधल्या साध्या नोटपॅडची एक प्रत काढली आणि तिच्या नावामागं ती पाच अक्षरं लावली. त्याच्या डोळ्यांदेखत फाइल नाहीशी झाली. होती तिथंच. दिसत नव्हती. आपल्याकडच्या गोष्टींत डोळ्यांत घालायचं अदृश्य होण्याचं अंजन असतं, ते हे.

अंजन कोणी घातलं होतं? फाइलींच्या आत ‘फर्स्ट 4 इंटरनेट’ या ब्रिटिश कंपनीचं नाव निघालं आणि धागा पोचला तो त्यानं रीतसर पैसे देऊन घेतलेल्या एका गाण्यांच्या सीडीपर्यंत. सोनी बीएमजीची सीडी. गाण्यांच्या प्रती कोणी काढू नयेत म्हणून कंपनीनं ग्राहकाच्या यंत्रात हे बसवलं होतं. सेवांच्या यादीत त्यानं ‘प्लग अँड प्ले डिव्हाइस मॅनेजर’ असं विंडोजच्या घरचं वाटेल असं नाव लावलं होतं आणि चालू असलेले सगळे प्रोग्राम ते दर दोन सेकंदांनी धुंडाळत होतं.

तो वैतागला, ड्रायव्हर उपटून काढले. आणि त्याची सीडी ड्राइव्हच गायब झाली. कारण त्या ड्रायव्हरांनी स्वतःला विंडोज आणि सीडीच्या मधल्या साखळीत कडी म्हणून गुंफून घेतलं होतं. कडी काढली, साखळी तुटली. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, हात घालून ती त्याला पुन्हा सांधावी लागली. 31 ऑक्टोबर 2005 रोजी त्यानं हे सगळं लिहून जाहीर केलं. दोनच आठवड्यांत त्याच अंजनाचा फायदा घेणारे भुरटेही उगवले. आपल्या फाइलीला ती पाच अक्षरं लावली की सोनीच्या कृपेनं आपणही अदृश्य! अशा 52 अल्बमांच्या 47 लाख सीडी बनल्या होत्या, 21 लाखांच्या आसपास विकल्या गेल्या होत्या. कंपनीला त्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं रसिनोविचची कंपनीच विकत घेतली, म्हणूनच त्याची साधनं आज त्यांच्याकडून मिळतात. चोराची वाट दाखवणाऱ्याला वाड्यातच नोकरी देणं, हा शहाणपणा सगळ्याच राजांना सुचत नाही.

*

काकांचा हात एव्हाना माउसकडे गेला होता. “काढ ना गं. उजवी क्लिक, मारून टाक.”

हीच घाई नडते. आम्ही आधी इंटरनेटची तार काढली, पत्ता आणि ठसा कागदावर उतरवला आणि मग, काकांचं समाधान म्हणून, एकदा मारून पाहिलं. तो मेला. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. चहाचा एक घोट झाला असेल, नवा क्रमांक घेऊन तोच पुन्हा हजर. रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा रक्तबीज उभा राहायचा, तसं. देवीला शेवटी थेंब जमिनीवर पडण्याआधीच झेलायची व्यवस्था करावी लागली होती.

इथली जमीन म्हणजे पहारेकरी. पुष्कळदा अशा प्रोसेस जोडीनं राहतात: एक काम करते, दुसरी तिच्यावर नजर ठेवते. हिला मारलं की ती हिला जिवंत करते, तिला मारलं की ही तिला. म्हणून मारायचं नाही, ‘स्टॅच्यू’ म्हणायचं. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये प्रोसेस गोठवायची सोय आहे. पहारेकऱ्याला जोडीदार मेलेला दिसत नाही, यादीत आहेच की तो, मग तो निवांत राहतो. तोवर त्यालाही स्टॅच्यू. निरुपद्रवी वाटणारी, अपडेटचं नाव लावलेली आणखी एक बिनसहीची प्रोसेस याच ॲपडेटाच्या फोल्डरमधून निघालेली होती, तीच पहारेकरीण. दोघंही पुतळे झाले आणि पंखा थांबला. यादी न उघडता थांबला, पहिल्यांदाच.

पण पारायण थांबवलं तरी उद्या पहाटे पुन्हा पोथी उघडायची व्यवस्था कोणीतरी करून ठेवलेली असते, आणि खरा पाहुणा म्हणजे ती व्यवस्था. वीज गेली की सगळ्या प्रोसेस मरतात, साव आणि चोर सारख्याच. सकाळी पुन्हा उठायचं तर चोराला विंडोजकडे कुठंतरी ‘मला हाक मार’ अशी चिठ्ठी ठेवावीच लागते. रजिस्ट्रीतली ‘रन’ची नोंद, स्टार्टअप फोल्डर, ठरल्या वेळी कामं करणारा टास्क शेड्युलर, सेवा, ड्रायव्हर, अशा चिठ्ठ्या ठेवायच्या जागा विंडोजमध्ये भरपूर आहेत. रसिनोविचचंच ‘ऑटोरन्स’ हे साधन त्या सगळ्या एका पडद्यावर आणतं. मायक्रोसॉफ्टच्या सह्या असलेल्या नोंदी झाकायला सांगितलं तेव्हा शेकड्यांतून वीस-बावीस उरल्या. प्रिंटर, ब्राउझर, काकांचं मराठी टायपिंगचं साधन. आणि शेड्युलरमध्ये एक काम, ब्राउझरच्या अपडेटसारखं नाव लावलेलं, दर पाच मिनिटांनी ॲपडेटातल्या त्या फोल्डरला हाक मारणारं. सीडी ड्राइव्हची गोष्ट आठवून आम्ही ते लगेच पुसलं नाही, आधी नुसती खूण काढली. मग पुतळे मारले. फोल्डर उडवलं. यंत्र बंद करून चालू केलं. पाहुणा आला नाही, प्रिंटर चालत होता. तेव्हा कुठं ती नोंद पुसली.

“अँटिव्हायरस काय झोपला होता?” काकांचा सवाल रास्त होता. झोपला नव्हता, त्याला सांगून ठेवलं होतं. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस म्हणजे डिफेंडर, त्याच्या सेटिंगमध्ये ‘यांना तपासू नये’ अशी एक यादी असते. त्यात तेच फोल्डर लिहिलेलं निघालं. फुकटच्या सॉफ्टवेअरनं बसताना ‘बदल करू देऊ का?’ असं विचारलं होतं आणि काकांनी ‘हो’ म्हटलं होतं. त्या एका ‘हो’मध्ये हे सगळं मावलं. आम्ही ती यादी रिकामी केली आणि डिफेंडरची ऑफलाइन तपासणी लावली. ही तपासणी म्हणजे पुन्हा रसिनोविचचीच हजेरीपटाची युक्ती. यात काकांचं विंडोज झोपलेलं ठेवून दुसरं एक छोटं विंडोज जागं होतं आणि डिस्क तपासतं. ज्या पोथीचं पारायणच चालू नाही तिला अंजन घालता येत नाही, ती नुसती फाइल होऊन उघडी पडलेली असते. आणखी काही सापडलं नाही. सापडलं असतं, किंवा तो अंगात येणाऱ्यांपैकी असता, तर मी स्वतः कुलवृत्तांताची प्रत बाहेर काढून विंडोज नव्यानं टाकलं असतं. अशा वेळी धूळ झाडत बसण्यापेक्षा घर नव्यानं बांधणं स्वस्त पडतं.

बँकेचा आणि मेलचा पासवर्ड काकांनी माझ्या फोनवरून बदलला, त्या यंत्रावरून नाही. मायनर एकटा आला असेल याची हमी कोण देणार?

तिसऱ्या दिवशी वरून हाक आली. “अगं ए, आला परत!”

धावत गेले. पंखा शांत होता. काका टास्क मॅनेजर उघडून, सगळ्या प्रोसेस वापराच्या क्रमानं लावून, चष्मा कपाळावर सरकवून बसले होते. सगळ्यात वर होतं ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’. वापर 97.

“सत्त्याण्णव टक्के खातोय. बाप कोण याचा?”

“याला बाप नाही, काका. क्रमांक बघा.”

“शून्य?” काका पुढं वाकले. “म्हणजे हा मूळ पुरुष.” त्यांचा आवाज एकदम आदराचा झाला. “आणि एवढा वेळ करतो काय हा?”

“काही नाही. दुसऱ्या कोणालाच काम नसलं की याची पाळी येते. ते 97 म्हणजे रिकामा वेळ.”

काकांनी थोडा वेळ त्या शून्याकडे पाहिलं.

“आमचाही असाच होता,” ते म्हणाले, आणि टास्क मॅनेजर बंद करून तिसऱ्या पिढीकडे वळले.